हवालदारांची सर्व्हिस

जुन्या खेळांविषयी चार म्हातारे बोलायला बसले, की कुणीतरी म्हणतंच, "तेव्हाचं समालोचन काय सभ्य होतं! कुणाला लागेल असा एक शब्द नाही." सगळे माना हलवतात. मीही हलवतो, पण माझी मान जरा उशिरा हलते. कारण तसं बोलणं मी फार जवळून ऐकलेलं आहे. आणि आमच्या भागात ते मोडलं तेव्हा मोडणारा मी होतो. हे मी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. आता ज्यांना लागेल असं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांत मी साताऱ्याच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो. मूळचा वाईचा. वय चोवीस-पंचवीस. किल्ल्याच्या पायथ्याशी वकील, डॉक्टर, मामलेदार अशा मंडळींचा एक क्लब होता. त्याची टेनिसची दोन कोर्टं होती, मुरूम ठोकून वर शेणानं सारवलेली. लढाईमुळे नवे चेंडू मिळत नसत. असलेल्या चेंडूंची लव पार उडून ते सोललेल्या नारळासारखे दिसत, तरी पांढऱ्या लांब विजारी घालून ही मंडळी रोज संध्याकाळी त्यांच्यामागे धावत. मी खेळायचो सुमार. पण बघायला मला फार आवडायचं. शाळा सुटली की मी थेट कोर्टावर जाऊन बाकावर बसायचो.

दरसाल थंडीत सातारा आणि सांगली या दोन गावांच्या क्लबांचा सामना व्हायचा. एका वर्षी इथे, पुढच्या वर्षी तिथे. त्याला बघे फार जमत. टेनिस कशाशी खातात हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसे. पंच उंच खुर्चीवर बसून इंग्रजीत गुण पुकारायचे, त्यावरून लोकांना काही कळायचं नाही. म्हणून आमच्या क्लबातले सर्वांत जुने सभासद, साठीचे एक दिवाणी वकील, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून मराठीत खेळ समजावून सांगत. साताऱ्यात सामना असो की सांगलीत, सांगायचे तेच. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत.

त्यांचं सांगणं अजून माझ्या कानात आहे. चेंडू चालू असेतोवर ते एक अक्षर बोलत नसत. गुण संपला की कर्णा उचलायचे. कुणी चेंडू बाहेर मारला तर म्हणायचे, "चेंडू रेषेपलीकडे जाऊन विसावला." जाळीत मारला तर, "जाळीनं ठेवून घेतला." अगदीच हातचा सोपा चेंडू कुणी घालवला तर इकडेतिकडे बघून म्हणायचे, "वारा आडवा आला." सगळा दोष चेंडूचा, जाळीचा, नाहीतर वाऱ्याचा. त्यांनी खेळणाऱ्या माणसाची चूक झाली असं म्हटलेलं मी पाच वर्षांत ऐकलं नाही. आणि गंमत अशी, की बघणाऱ्यांना चूक कुणाची ते बरोबर कळायचं.

आमच्या क्लबात एक हवालदार होते. कराडच्या अलीकडच्या एका गावचे. घरी बागायती ऊस, बाप-चुलते शेतात, आणि हे फौजेत गेलेले. तिथे साहेबलोकांना खेळायला चौथा गडी कमी पडला की यांना उभं करायचे, त्यातून टेनिस शिकले. लढाई चालू असतानाच फौजेतून नाव कापलं गेलं, म्हणून परत आले आणि साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत दप्तर सांभाळण्याच्या नोकरीला लागले. एके दिवशी कोर्टाच्या तारेबाहेर उभं राहून खेळ बघत होते. वकीलसाहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि सरळ आत बोलावून हातात रॅकेट दिली. पुढे सभासद म्हणूनही त्यांचं नाव घातलं. काही जणांनी नाकं मुरडली. "आता कचेरीतले शिपाईही का?" असं एक जण माझ्यासमोरच म्हणाला. मी काही बोललो नाही. मलाही वकीलसाहेबांच्याच कृपेनं निम्म्या वर्गणीत घेतलं होतं, हे मला विसरायचं होतं.

हवालदार खेळायला चांगले होते. पाय हलके, नजर तेज. फक्त त्यांची सर्व्हिस वेगळी होती. बाकीचे चेंडू डोक्यावर उडवून वरून मारायचे. हवालदार कंबरेच्या खाली चेंडू सोडून खालून, बाजूनं कापल्यासारखा मारायचे. तो चेंडू जमिनीलगत सरपटत जायचा आणि भल्याभल्यांना उचलता यायचा नाही. पण दिसायला ते विचित्र दिसायचं, हे खरं. मला वाटायचं, खेड्यातला माणूस, कुठे धड शिकलाय. विचारावं असं काही वाटलं नाही. वकीलसाहेब कर्ण्यातून दरवेळी एकच सांगायचे, "हवालदारांची सर्व्हिस. खोल आणि नेमकी." तीन वर्षं ते हेच सांगत आले आणि तीन वर्षं त्या सर्व्हिसमध्ये वेगळं काही आहे असं एकाही प्रेक्षकाला वाटलं नाही.

लढाई संपल्यानंतरच्या थंडीत वकीलसाहेबांचा घसा गेला. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायची बंदी केली. त्या वर्षी सामना सांगलीत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नकला करायचो, सूत्रसंचालन करायचो, माझं बोलणं लोकांना आवडायचं. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. निघायच्या आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. गळ्याला मफलर गुंडाळलेला. कुजबुजल्यासारखं म्हणाले, "दोनच गोष्टी. चेंडू चालू असताना बोलायचं नाही. आणि आपण बोलतो ते खेळणाऱ्यालाही ऐकू येतं, हे विसरायचं नाही."

मी "हो, हो" म्हटलं. मनात म्हटलं, यात सांगण्यासारखं काय आहे?

सांगलीला गेलो तर तिथे कर्णा नव्हताच. लग्नांत लाऊडस्पीकर लावणाऱ्या एका माणसाला संयोजकांनी बोलावलं होतं. त्यानं कोर्टालगतच्या कडुलिंबाच्या झाडाला भोंगा बांधला आणि माझ्यापुढे टेबलावर मायक्रोफोन ठेवला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यात बोललो. नुसतं "नमस्कार मंडळी" म्हटलं, तर माझा आवाज पार रस्त्यापलीकडच्या घरांवर आपटून परत आला. माणसं वळून बघायला लागली. त्या एका क्षणात माझं डोकं फिरलं म्हणा ना.

गर्दी दांडगी होती. कॉलेजची मुलं, हळदीच्या पेठेतले व्यापारी, तासगावाहून आलेली मंडळी, आणि मागे तारेला लागून बैलगाड्या सोडून उभे राहिलेले खेडूत. सकाळचे दोन सामने मी बरे सांगितले. दुपारी सांगलीच्या एका खेळाडूचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगलीकरांनी कोर्टाला नमस्कार घातला!" एकदम हशा पिकला. पडलेला खेळाडूही हसत उठला. तो हशा माझ्या अंगभर पसरला. दिवसभर मग मी पुढचा हशा कुठे मिळेल तेच शोधत होतो. खेळ बघणं तिथेच संपलं.

चार सामन्यांनंतर दोन्ही गावं बरोबरीत आली. शेवटचा डबल्सचा सामना ठरवणारा होता. आमच्या मामलेदारांना ताप भरला होता, म्हणून क्लबातल्या डॉक्टरांच्या जोडीला हवालदारांना उभं केलं. सांगलीकडून दोन तरणेबांड भाऊ होते. हवालदारांची सर्व्हिस आली. त्यांनी नेहमीसारखं वाकून, खालून चेंडू सोडला. लोकांमध्ये थोडी कुजबुज झाली. आणि मी मायक्रोफोनमध्ये म्हणालो, "हवालदार वाढायला निघाले! पानं मांडा मंडळी!"

काय हसले लोक! कॉलेजची मुलं तर बाकांवर उभी राहिली. पुढच्या सर्व्हिसला मी म्हटलं, "आमटी आली, सांभाळा!" त्याच्या पुढच्याला मला काही म्हणावंच लागलं नाही. हवालदार चेंडू घेऊन रेषेवर आले की अख्खी गर्दी ओरडायची, "वाढा! वाढा!"

हवालदारांनी एकदाच माझ्या टेबलाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नाव पुकारलं गेल्यावर फौजेतला माणूस हुकमाची वाट बघत वळतो, तसं बघितलं. पंचांनी हात वर करून लोकांना गप्प राहायची खूण केली. माझ्यापुढे मायक्रोफोन होता. "शांत राहा" एवढे दोन शब्द मी म्हटले असते तर लोक शांत झाले असते, याबद्दल मला आजही शंका नाही. मी म्हणालो, "पंगतीत गडबड नको, सगळ्यांना मिळेल!"

त्यानंतरच्या सर्व्हिसला हवालदार रेषेवर बराच वेळ थांबले. चेंडू जमिनीवर दोनदा आपटला. मग त्यांनी तो डोक्यावर उडवला आणि रॅकेटचा हात वर नेला. हात कानापर्यंत गेला आणि अडकला. तोंड वेडंवाकडं झालं, रॅकेट हातातून सुटली आणि चेंडू त्यांच्याच पायापाशी पडला. लोकांना वाटलं, हीही मजाच. आणि मी, आमच्याच गावचा मास्तर, म्हणालो, "भांडं जड दिसतंय, हात वर जाईना!"

बाकी सगळं मी तारुण्याच्या खात्यावर घालून सोडून देऊ शकतो. हे वाक्य नाही सोडता येत. कारण मला त्यांचा चेहरा दिसला होता. तो बघून मग मी ते म्हणालो.

त्यांनी डाव्या हातानं रॅकेट उचलली आणि उरलेला सामना तशीच खालून सर्व्हिस करून पुरा केला. आम्ही हरलो. जाळीपाशी सगळ्यांनी हात मिळवले. खेळाडूंनी शेवटी सांगणाऱ्याच्या टेबलापाशी येऊन आभार मानायचे अशी आमच्याकडे जुनी रीत होती. डॉक्टर आले, सांगलीचे दोघे भाऊ आले. हवालदारही आले. उजवा हात पोटाशी धरलेला.

"आभारी हाय, मास्तर," म्हणाले आणि गेले.

वकीलसाहेबही आमच्याबरोबर सांगलीला आले होते आणि सकाळपासून माझ्या मागच्या खुर्चीवर बसले होते. मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. ते कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन एकटे बसले होते. केव्हा उठले ते मला कळलंही नव्हतं. सांगलीच्या मंडळींनी मात्र माझ्या पाठीवर थापा मारल्या. "मास्तर, मजा आणलीत! इतकी माणसं टेनिसला कधी हसली नव्हती." मी चहा-चिवडा खाल्ला आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. खोटं कशाला सांगू?

सकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. हवालदार बरोबर नव्हते. त्यांच्या गावची माणसं सामना बघायला आली होती, त्यांच्याबरोबर संध्याकाळीच गेले असं कळलं. डब्यात मी आणि वकीलसाहेब समोरासमोर बसलो. मिरज गेलं, किर्लोस्करवाडी गेली. शेवटी मीच म्हटलं, "कालचं कसं वाटलं?"

ते खिडकीतून बाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, "त्याचा खांदा वर जात नाही. लढाईत गोळी लागली, आरपार गेली. म्हणून तर नाव कापून घरी पाठवला."

मग मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "मला आधी सांगायचं होतंत."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तू त्याच्यावर हसवलं नसतंस. दुसऱ्या कुणावर हसवलं असतंस." घसा दुखत असावा, त्यांनी मफलर सारखा केला आणि डोळे मिटून घेतले.

गाडीत बसल्याबसल्या मला आमचे डॉक्टर आठवले. त्यांची सर्व्हिस हवालदारांपेक्षाही बघण्यासारखी होती. चेंडू उडवताना ते बकध्यान लावल्यासारखे एका पायावर उभे राहायचे आणि दर दुसरा चेंडू जाळीत घालायचे. काल त्या एकाच कोर्टावर दोघे होते. डॉक्टरांवर मी एक अक्षर बोललो नव्हतो. मला ते सुचलंच नव्हतं. का सुचलं नाही, हे मला तिथे कळलं, आणि कराड येईपर्यंत मी मान वर केली नाही.

साताऱ्याला आल्यावर ठरवलं, हवालदार कोर्टावर आले की माफी मागायची. ते आले नाहीत. आठवड्यानं कचेरीत चौकशी केली, तर खांद्याला सूज आली म्हणून रजा घेऊन गावी गेलेत असं कळलं. मी पत्र लिहायला बसलो. पहिलं इंग्रजीत लिहिलं. ते वाचल्यावर माझं मलाच कळलं की हे त्यांनी वाचावं म्हणून लिहिलेलं नाही. फाडलं. दुसरं मराठीत लिहिलं. त्यात "आपला गैरसमज झाला असल्यास" असे शब्द आले. गैरसमज कसला? तेही फाडलं. असे दोन-अडीच महिने काढले. जायला धजत नव्हतो, दुसरं काही नाही.

शिमग्याच्या सुट्टीत एकदाचा गेलो. मोटारीनं कराडच्या अलीकडे उतरलो आणि ओढ्याच्या कडेकडेनं दोन मैल चालत गेलो. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची रानं होती. हवालदारांच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. काहिलीत रस उकळत होता आणि हवालदार डाव्या हातानं मळी काढत उभे होते. मला बघून झारा दुसऱ्याच्या हातात दिला.

"या की मास्तर. वाट बरी घावली?"

जणू मी येणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी घोंगडं अंथरलं, रसाचा तांब्या आणवला. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खोपीतून त्यांचे वडील बाहेर आले. सत्तरीचे, ताठ, पण कानानं कमी. हवालदार त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "आबा, साताऱ्याचं मास्तर हायती!"

"कोन मास्तर?"

"सांगलीत भोंग्यावर बोलत हुतं न्हवं का, ते!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते माझ्या अगदी पुढ्यात येऊन बसले. "तुमीच का ते? आवं, आमी गाडी जुपून दोन दिसांची वाट करून आलतो तवा. पोराचा ख्योळ कवा बघितला न्हवता. लय लांब हुतो, तारंपाशी. मला धड ऐकू बी येत न्हाई. पर येक ऐकलं बगा."

"काय ऐकलंत, आबा?" मी विचारलं.

"आमचा ह्यो चेंडू घिऊन आला की समदी सांगली वरडायची, वाढा, वाढा!" म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. "एवढी शिकली-सवरली मानसं, आन् माज्या पोराला म्हनत्यात वाढा, मोटं व्हा! परक्या गावची मानसं, पर आशीर्वाद देत हुती. आन् ते तुमी सुरू केलंसा म्हनं. हितं गावात समद्यास्नी सांगितलंय मी."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ऊस तोडून तोडून घट्टे पडलेले ते हात. मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. सांगू नका, असा त्याचा अर्थ होता.

"व्हय की न्हाई, मास्तर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो आबा," मी म्हणालो. "सगळी सांगली म्हणत होती."

मग त्यांनी सुनेला हाक मारली, भावकीतल्या दोघांना बोलावून घेतलं, आणि मला तो सामना पहिल्यापासून सांगायचा आग्रह धरला. मी सांगितला. कसा सांगितला ते विचारू नका. हवालदारांचे पाय किती हलके पडत होते, त्यांचा चेंडू जमिनीलगत सरपटत जाऊन त्या दोघा भावांना कसा चकवत होता, हे सगळं सांगितलं. ते सगळं खरंच होतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी ते बघितलं होतं आणि एकदाही बोललो नव्हतो. म्हातारे मधून मधून "आस्सं!" म्हणत मांडीवर थाप मारायचे. हवालदार काहिलीपाशी पाठ करून उभे होते.

जाताना गरम गुळाची ढेप फडक्यात बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती. मोटारीच्या रस्त्यापर्यंत हवालदार सोबत आले. ओढा ओलांडल्यावर मी थांबलो आणि म्हणालो, "हवालदार, माझं चुकलं. मला माफ करा."

ते चालायचे थांबले नाहीत, म्हणून मलाही चालावं लागलं. चालता चालता म्हणाले, "मास्तर, फौजंत आमी लय शिव्या खाल्ल्या. गोऱ्यांच्या खाल्ल्या, आपल्या मानसांच्या खाल्ल्या. त्येचं कायबी वाटत न्हाई. सांगलीची पोरं हसली, हसूं द्या. ती सांगलीची हुती." मग पुढे बघत म्हणाले, "तुमी आमच्या बाजूचं हुतासा."

मी गुळाची ढेप या हातातून त्या हातात घेतली.

"आबास्नी कळूं देऊ नगा, एवढं बगा," ते म्हणाले.

"नाही कळणार. तुम्ही परत खेळायला याल ना?"

"खांदा दुकतो."

"बरा झाल्यावर?"

"मोटार आली बगा," ते म्हणाले आणि हात करून त्यांनी ती थांबवली.

साताऱ्याला पोचल्यावर मी गूळ घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. गुळाचा खडा तोंडात टाकला. "येईल का तो परत?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही असं वाटतं." त्यांनी मान डोलावली. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि वागण्यातही कधी फरक केला नाही. त्यांनी एकदा खडसावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असं मला पुष्कळदा वाटायचं. हवालदारांनी उन्हाळ्यात नोकरी सोडली आणि गावी शेती बघायला लागले. पुढच्या पावसाळ्यात वकीलसाहेब गेले.

पुढचा सामना साताऱ्यात होता. मी सांगणार नाही म्हटलं, पण कुणी ऐकेना. सांगलीचा बोलबाला सगळीकडे झाला होता. "गेल्या सालासारखं होऊ द्या मास्तर," जो तो म्हणत होता. मी सकाळपासून वकीलसाहेबांसारखं सांगायचा प्रयत्न केला. लोक कंटाळले. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, झोपलात काय?" दुपारी डॉक्टर सर्व्हिसला एका पायावर उभे राहिले आणि मी त्यांना बगळा म्हणालो. मनाची समजूत अशी, की आता डॉक्टरांवरही बोललो म्हणजे फिटंफाट झाली. हशा पिकला. आणि तो मला आवडला, हे मला तिथेच, त्या टेबलापाशी, स्पष्ट कळलं. इतकं सगळं होऊनही आवडला. तो डाव संपल्यावर मी उठलो, मायक्रोफोन शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकाच्या पुढे सरकवला आणि घरी गेलो. पुन्हा कधी सांगायला बसलो नाही. तो शिक्षक माझ्यापेक्षा जास्त विनोदी होता. पुढे लोक त्याच्यासाठीच यायचे. खेळणारे काही जण मात्र यायचे बंद झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायकोला घेऊन तिच्या माहेरी सांगलीला निघालो होतो. कराडच्या स्टेशनात गाडी थांबली, मी पाणी भरून घ्यायला उतरलो, तर फलाटावर हवालदार उभे. पुतण्या फौजेत भरती झाला होता, त्याला पोचवायला आले होते. थोडे जाड झाले होते. मला बघितल्याबरोबर "राम राम मास्तर" म्हणून पुढे आले. आबा गेल्या वर्षी वारले, असं सांगितलं. ऊस बरा आहे म्हणाले. मग खिडकीत बसलेल्या माझ्या बायकोकडे बघून हात जोडले.

"वैनी, आमचं मास्तर लय चांगलं बोलत्यात बरं का. सांगलीत भोंग्यावर बोललं हुतं, आमी हुतो तितं."

त्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही नव्हतं. नव्या नवरीसमोर नवऱ्याविषयी चार बरे शब्द बोलावेत, तेवढंच होतं. शिट्टी झाली. त्यांनी माझ्या हातातला भरलेला तांब्या घेतला, मी डब्यात चढलो, आणि तो त्यांनी डाव्या हातानं खिडकीतून आत दिला.

गाडी सुटल्यावर बायकोनं विचारलं, "कोण हो हे?"

"आमच्या क्लबात होते," मी म्हणालो. "टेनिस फार चांगलं खेळायचे."

"आता नाही खेळत?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिला पाणी हवंय का ते विचारलं.